वायोमिंगच्या रँचवर गुरांचा राउंडअप पाहिला, काही शंका

वाटसरू

सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील पाइनडेल गावापासून काही मैलांवरच्या एका रँचवर सलग दोन दिवस गुरांचा राउंडअप पाहण्याचा योग आला. उन्हाळाभर डोंगराकडच्या सरकारी चराऊ रानात सोडलेल्या गायी आणि त्यांची सहा-सात महिन्यांची वासरे हिवाळ्याआधी गोळा करून खालच्या कुरणात आणायची आणि दुसऱ्या दिवशी कोंडवाड्यात घ्यायची, असे त्या कामाचे स्वरूप होते. रँचच्या मालकीणबाई माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीच्या असल्यामुळे परवानगी मिळाली, परंतु ती देताना त्यांनी दोन अटी घातल्या: सांगू तिथेच थांबायचे आणि कोणत्याही फाटकाला हात लावायचा नाही. यांपैकी दुसरी अट मी पाळली.

मनातले चित्र अर्थातच पडद्यावरून आलेले होते. पहिल्या दिवशी पहाटे अंधारातच सहा घोडेस्वार आणि दोन कुत्री निघून गेली आणि मला एका टेकाडावर पिकअपमध्ये बसवण्यात आले. ऊन पसरल्यावर सेजब्रशच्या खुरट्या झुडपांनी भरलेल्या राखट-हिरव्या उतारावर ठिकठिकाणी काळे ठिपके दिसू लागले. ते हळूहळू खाली सरकत, दोन-दोन, चार-चार करीत एकमेकांना मिळत गेले आणि दहाच्या सुमारास त्यांची एक लांबलचक, सैल माळ तयार झाली. या साऱ्या वेळात एकही आरोळी ऐकू आली नाही. सर्वांत मागे धुळीत राहिलेला, तोंडाला रुमाल बांधलेला स्वार अधूनमधून मांडीवर हात आपटत असे, इतकेच. घोडे चालीनेच चालले होते. पहिल्या दोन तासांत मला, खरे सांगायचे तर, थोडा कंटाळा आला. नंतर मात्र असे वाटू लागले की इथे बरेच काही चालले आहे आणि ते पाहायची दृष्टी आपल्याजवळ नाही. म्हणून हा धागा.

माझी पहिली शंका एका अरुंद गल्लीविषयी आहे. दोन कुंपणांमधल्या त्या गल्लीतून गुरे एकामागोमाग पुढे जात होती आणि एक स्वार कुंपणालगत चक्क उलट दिशेने, म्हणजे कळपाच्या तोंडाकडून शेपटाकडे, सावकाश घोडा चालवत होता. तो ज्या गायीच्या बाजूने जाई ती गाय लगेच पाय उचलून पुढे निघे. गुरे पुढे न्यायची असताना हा गृहस्थ मागे का जात होता?

दुसरी शंका अशी की, दुपारी कळप खालच्या कुरणात पोहोचल्यावर काम संपले असे मला वाटले, पण कोणीही घरी निघाले नाही. स्वार कळपाच्या चारी बाजूंना पांगून, खोगिरावर एक पाय आडवा टाकून, जवळजवळ दीड तास नुसते बसून राहिले. विचारल्यावर "गायींना वेळ देतो आहोत" एवढेच उत्तर मिळाले.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची. दुसऱ्या दिवशी सकाळी कळप कोंडवाड्याच्या फाटकाशी आला तेव्हा मला फाटकाच्या पूर्वेला, साधारण वीस पावलांवर, पिकअपमध्ये बसायला सांगितले होते. पुढची गाय फाटकाच्या तोंडाशी आली, त्या क्षणाचा फोटो काचेतून चांगला येणार नाही म्हणून मी हळूच दार उघडून खाली उतरलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. गाय थबकली, मान उंचावून माझ्याकडे पाहिले आणि वळली. तिच्यामागे सगळा कळप भोवऱ्यासारखा फिरला, काही वासरे घोड्यांच्या मधून निसटून पार मागच्या ओढ्यापर्यंत गेली, आणि सगळे पुन्हा फाटकाशी आणायला पाऊण तास लागला. मला कोणी रागावले नाही. मालकीणबाई फक्त म्हणाल्या, "आता गाडीतच बसा, आत हीटर आहे." मी आवाज केला नव्हता, धावलो नव्हतो, मग नेमके काय बिघडले?

शेवटची शंका किरकोळ आहे. प्रत्येकाच्या खोगिराला फासाचा दोर अडकवलेला होता, पण दोन दिवसांत तो एकदाच सुटला. तो केवळ परंपरा म्हणून बाळगतात का?

खूरवाट

मी पशुवैद्यक आहे आणि गेली काही वर्षे नेब्रास्कामध्ये मांसासाठी पाळलेल्या गुरांचेच काम करते. तुम्हाला कंटाळा आला याचा अर्थ तुम्ही चांगला राउंडअप पाहिला. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतील प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन आणि जन्मभर रँचवर काम केलेले बड विल्यम्स या दोघांनी ज्या गोष्टी शब्दांत मांडून शिकवल्या, त्या जाणते गुराखी आधीपासून हाताने करीत होतेच. पण त्यांच्यामुळे त्या समजावून सांगणे सोपे झाले.

प्रत्येक गायीभोवती एक न दिसणारे वर्तुळ असते. त्याला मी मराठीत बुजण्याची हद्द म्हणते. माणूस त्या हद्दीत शिरला की गाय दूर सरकते आणि तो बाहेर पडला की ती थांबते. हद्द किती मोठी, हे गायीला माणसांची सवय किती आहे यावर ठरते. ग्रँडिन यांच्या लेखनात मोकळ्या रानातल्या गायीसाठी ती ५० मीटरपर्यंत आणि फीडलॉटमधल्या, म्हणजे कोंडून चारा घालून पोसलेल्या, गुरांसाठी २ ते ८ मीटर दिलेली आहे. हुशार स्वार या वर्तुळाच्या काठावर काम करतो. अर्धे पाऊल आत टाकायचे, गाय हलली की लगेच अर्धे पाऊल बाहेर यायचे; ती हलली याचे बक्षीस म्हणजे दाब कमी होणे. लांबून पाहणाऱ्याला हे दिसतच नाही, कारण घोडा नुसता तिरका-तिरका चालल्यासारखा वाटतो. जो स्वार काठावर न थांबता खोल आत घुसतो, त्याच्या गायी पळतात, आणि मग त्याला पळावे लागते, आणि मग लोकांना वाटते की राउंडअप असाच असतो.

आता तुमचा उलट जाणारा स्वार. गायीचा पुढचा खांदा हा तिचा तोलाचा बिंदू समजा. तुम्ही खांद्याच्या मागे असाल तर ती पुढे जाते. खांद्याच्या पुढे असाल तर ती थांबते किंवा मागे वळते. गल्लीतला स्वार तोंडाकडून शेपटाकडे जाताना एकेका गायीचा खांदा ओलांडत होता, आणि ज्या क्षणी तो खांद्याच्या मागे जाई त्या क्षणी ती गाय पुढे निघे. तोच स्वार कळपाच्याच दिशेने, कळपापेक्षा वेगाने गेला असता तर त्याने प्रत्येक खांदा मागून पुढे ओलांडला असता आणि एकेक गाय थांबवत गेला असता. शेपटाशी पोहोचल्यावर तो कळपापासून बराच लांबून वळसा घालून पुन्हा तोंडाकडे गेला होता का, हे आठवून पाहा. जवळून परत गेला असता तर केलेले काम पुसले गेले असते.

फाटकाशी तुमच्याकडून तीन गोष्टी एकदम घडल्या. पहिली, तुम्ही पुढच्या गायीच्या खांद्याच्या पुढे होता. तिच्या दृष्टीने तुम्ही वाट अडवून उभे होता. दुसरी, वीस पावले म्हणजे रानातल्या गायीच्या हद्दीच्या चांगलेच आत. तिसरी, तुम्ही पायी होता. उन्हाळाभर या गायींनी माणूस पाहिला तो घोड्यावर बसलेला किंवा गाडीत बसलेला. दोन पायांवर उभा राहिलेला सुटा माणूस हा त्यांच्यासाठी वेगळाच प्राणी असतो. घोड्यावरच्या माणसाला जवळ येऊ देणारी गाय पायी चालत येणाऱ्याला पाहून पळते, हे मी कितीतरी वेळा अनुभवले आहे आणि एकदा बरगडीवर झेललेही आहे.

आवाज केला नाही हे उत्तम, कारण गुरांचे कान ८,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना सर्वाधिक तीक्ष्ण असतात आणि आपली किंचाळी त्यांना आपल्यापेक्षा जास्त बोचते. पण गाय हा मुख्यतः डोळ्यांवर चालणारा जीव आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला तीनशे अंशांहून अधिक परिसर एकाच वेळी दिसतो, फक्त थेट मागचे दिसत नाही. त्याची किंमत अशी की दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारा, म्हणजे खोलीचा अंदाज देणारा पट्टा समोर अगदी अरुंद असतो. त्यामुळे जमिनीवरची गडद रेघ ही रेघ आहे की खड्डा, हे तिला मान खाली घालून, थांबून पाहावे लागते. कुंपणावर फडफडणारे जाकीट, डबक्यातली चमक, जमिनीवर पडलेली साखळी, आडवी सावली यांतल्या कशानेही फाटकाशी कळप अडतो. अशा वेळी पुढच्या गायीला पाहू द्यायचे, मागून रेटायचे नाही. तिची खात्री पटली की ती जाते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन होते का, आणि सूर्य तुमच्या पाठीशी होता का? फोटो काढला असेल तर एकदा नीट पाहा.

रिकीब

खूरवाट यांनी जे लिहिले आहे त्यात गुरांच्या स्वभावाची बाजू पूर्ण आली. मी मोंटानामध्ये दोन हंगाम रोजंदारीवर घोडेस्वारी केली आहे, त्या अनुभवावरून पैशाची बाजू जोडतो, कारण शांततेचे अर्धे कारण तिथे आहे.

अशा रँचचे उत्पन्न वर्षातून एकदा येते: शरद ऋतूत वासरे ट्रकमध्ये चढतात आणि काट्यावर जे वजन भरते त्यावर वर्षाचा हिशेब ठरतो. पळवलेले, घाबरलेले वासरू आधी शेण-मूत्रावाटे आणि नंतर अंगातून वजन गमावते. या घटीला तिकडे श्रिंक म्हणतात. एक उदाहरण मांडून पाहू. समजा वासरू ५५० पौंडांचे आहे आणि भाव पौंडाला ३ डॉलर आहे. जास्तीची ३ टक्के घट म्हणजे साडेसोळा पौंड, म्हणजे एका वासरामागे जवळजवळ ५० डॉलर. दोनशे वासरे असतील तर एका सकाळच्या आरडाओरड्याची किंमत ९,९०० डॉलर होते. तुम्हाला कोणी रागावले नाही हे त्या लोकांचे मोठेपण. मनातल्या मनात हिशेब सगळ्यांनी केला असणार.

दीड तासाच्या थांब्याचे कारण वासरेच आहेत. वाटेत गायी आणि वासरे यांची फाटाफूट होते: गायी झपाझप पुढे जातात, वासरे दमून मागे एकमेकांत रेंगाळतात. कुरणात पोहोचल्यावर गायीला वासरू जवळ दिसले नाही, तर ती ते शोधायला एका ठरावीक ठिकाणी जाते, आणि ते ठिकाण म्हणजे तिने त्याला शेवटचे जिथे पाजले ती जागा. ती जागा तुमच्या बाबतीत सकाळी सोडलेला डोंगर होती. वासरूही तेच करते. कळप तसाच सोडून स्वार घरी गेले असते, तर रात्रीतून निम्म्या गायी कुंपण मोडून वर गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सगळे काम पुन्हा करावे लागले असते. म्हणून कळप सैल धरून ठेवायचा आणि प्रत्येक गायीला हुंगत-हुंगत आपले वासरू सापडू द्यायचे. पुढच्या वेळी या दीड तासात गाडीतून दुर्बीण लावून पाहा. गाय एका वासराला हुंगते, डोके मारून दूर करते, दुसऱ्याला हुंगते, आणि स्वतःचे मिळाले की बारीक, घशातल्या घशात हुंकारते. वासरू ढुशी देऊन पिऊ लागते, शेपूट हलू लागते. बहुतेक शेपट्या हलू लागल्या की लोक घोडे वळवतात. माझ्या मते अख्ख्या राउंडअपमध्ये यापेक्षा पाहण्यासारखे काही नाही.

फासाचा दोर शोभेचा नाही. शरदात तो क्वचित सुटतो, कारण तेव्हा कोंडवाडा आणि खोडा हाताशी असतो. मोकळ्या रानात खूर सडलेली किंवा डोळे आलेली गाय औषधासाठी धरायची झाली, की दोराखेरीज उपाय नाही. त्याचे खरे दिवस वसंतातले, म्हणजे वासरांना डाग देण्याचे. आजूबाजूच्या रँचवरची माणसे एकमेकांकडे पाळीपाळीने जातात. त्याला मराठीत इर्जिक हाच शब्द चपखल आहे. स्वार कळपात चालीने शिरतो, वासराचे दोन्ही मागचे पाय फासात घेतो, दोराचे वेढे खोगिराच्या खुंटीला देतो आणि वासरू ओढत आगीशी आणतो. तिथे दोघेजण ते धरतात, एक जण फऱ्या आणि त्यासारख्या रोगांची लस टोचतो, एक जण गोऱ्ह्याचे खच्चीकरण करतो, एक जण डाग देतो. मिनिट-दोन मिनिटांत वासरू उठून आईकडे पळते. तापलेले लोखंड लालभडक असेल तर जाणते लोक ते वापरू देत नाहीत. ते राखेच्या रंगाचे हवे आणि उठलेला डाग खोगिराच्या चामड्याच्या रंगाचा दिसला पाहिजे. वेढे देताना अंगठा दोरात सापडून तुटलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे दोर वापरणारे त्याचा मान राखतात आणि उगाच सोडत नाहीत.

या कामातले कितीतरी शब्दही मूळचे स्पॅनिश आहेत. रोदेआर म्हणजे घेरणे, त्यावरून रोडिओ. ला रेआता म्हणजे दोर, त्यावरून लॅरिएट. आणि वाकेरो म्हणजे गुराखी, त्यावरून पश्चिमेकडचा बकरू, म्हणजे काउबॉय. आज ज्याला आपण अमेरिकन समजतो ते काम मेक्सिकोतून आलेल्या गुराख्यांनी शिकवलेले आहे.

एक मतभेद मात्र नोंदवतो. चांगला राउंडअप नेहमीच संथ असतो असे नाही. दक्षिण टेक्सासमधल्या काटेरी झुडपांच्या रानात गाय दहा पावलांवर दिसत नाही. तिथे हेलिकॉप्टरने गुरे उठवावी लागतात आणि घोडेस्वारांना झुडपांत भरधाव शिरावे लागते. तिथल्या गुरांत ब्राह्मन जातीचे रक्त बरेच असते, आणि ही जात अमेरिकेत तयार झाली ती भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली या जातींपासून, हे इथल्या वाचकांना आवडेल. उन्हाला आणि गोचिडांना चिवट, पण माणसाची वागणूक लक्षात ठेवणारी अशी ती गुरे असतात. एकदा वाईट वागवले की पुढच्या वर्षी ती तुम्हाला सापडतच नाहीत.

खूरवाट

रिकीब, हेलिकॉप्टरविषयी सहमत, परंतु चांगला वैमानिकही बुजण्याच्या हद्दीच्या काठावरच उडतो आणि कळप निघाला की मागे हटतो. वेग वेगळा असला तरी रीत तीच आहे.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. तो स्वार लांबून वळसा घालूनच परत जात होता. मला वाटले होते की तो पाणी प्यायला जातो आहे.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वासरे गायींपासून वेगळी केली, आणि त्या रात्री मी रँचवरच मुक्कामाला होतो. इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. अंधारात शेकडो जनावरे न थांबता हंबरत होती, खिडकीची काच थरथरत होती, आणि सकाळी नाश्त्याला सगळे जण काहीच घडले नसल्यासारखे बोलत होते. हे असे किती दिवस चालते? ते टाळता येत नाही का? शिवाय, ज्यांची कोणाशी ओळख नाही त्यांना हे काम कुठे पाहता येईल, असे माझे दोन मित्र विचारत आहेत.

माळरान

मी वायोमिंगमध्येच राहतो, रँचवाला नाही, पण शेजार त्यांचाच आहे, त्यामुळे ते हंबरणे दर शरदात ऐकतो. वासरांचे दूध तोडले की साधारण तीन दिवस हा आवाज चालतो. पहिल्या रात्री सर्वांत जास्त, तिसऱ्या रात्री घोगरा आणि तुटक, आणि चौथ्या सकाळी अचानक शांत. पूर्वी गायी एकदम लांब नेत असत. आता बरेच जण मजबूत कुंपणाच्या एका बाजूला गायी आणि दुसऱ्या बाजूला वासरे ठेवतात. दिसते, हुंगता येते, फक्त पिता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधनात अशा वासरांचे हंबरणे आणि अस्वस्थ येरझारा कमी आढळल्या आणि त्यांचे वजनही अधिक भरले. दूध तोडणे पूर्णपणे टाळणे मात्र गायीच्याच मुळावर येते, कारण ती पुन्हा गाभण असते आणि उणे तापमानाचा हिवाळा समोर असतो. त्याच सुमारास पशुवैद्य खोड्यात एकेक गाय तपासून गाभण आणि भाकड वेगळ्या करतात. हिवाळाभर विकतचे गवत घालून भाकड गाय पोसणे परवडत नाही, म्हणून ती विकली जाते. रँचवरच्या वर्षातला हा सर्वांत निर्दय दिवस असतो आणि पाहुण्यांना तो सहसा दाखवत नाहीत.

तुम्ही कोणत्या मुलखात होता याची तुम्हाला कल्पना आहे की नाही, हे तुमच्या लिखाणावरून कळले नाही. पाइनडेलच्या त्या बाजूला ग्रीन रिव्हर ड्रिफ्ट नावाची गुरांची वाट आहे. अप्पर ग्रीन रिव्हर कॅटल असोसिएशनचे सभासद १८९० च्या दशकापासून त्याच वाटेने गुरे उन्हाळ्यात वर नेतात, आणि २०१३ साली या वाटेची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. ड्रिफ्ट हे नाव शरदातल्या परतीवरून पडले आहे: थंडी आणि बर्फाची चाहूल लागली की गुरे आपणहून खाली सरकू लागतात, आणि स्वारांना त्यांना हाकण्यापेक्षा गोळा करून मालकांनुसार वेगळे करण्याचेच काम अधिक असते. सरकारी रानात चराईचा परवाना ठरावीक तारखेला संपतो, त्यामुळे मागे राहिलेली चुकार गुरे शोधत स्वार नंतरही कित्येक दिवस डोंगर पालथे घालतात. केंद्र सरकारची चराई २०२५ साली एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर होती, जी ऐकायला फार स्वस्त वाटते. पण कुंपण, पाणी, अस्वल-लांडगे आणि हे शोधत फिरणे त्या आकड्यात धरलेले नसते.

मित्रांसाठी: सार्वजनिक रस्त्यावरून कळप जात असताना कडेला थांबून पाहायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, भोंगा वाजवू नये, आतच बसावे. कळप गाडीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि एखादी गाय आरशात स्वतःला पाहायला थांबते. वाळलेल्या गवतावर मात्र गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो. कामाऐवजी सोहळा चालत असेल तर साउथ डकोटामधील कस्टर स्टेट पार्कचा राउंडअप आहे. सप्टेंबरअखेरच्या एका शुक्रवारी तेराशेच्या आसपास बायसन कोंडवाड्याकडे आणले जातात आणि ते पाहायला हजारो लोक पहाटेपासून टेकड्यांवर बसतात. बायसन धावतात, त्यामुळे पडद्यावरचे चित्र तिथे थोडेफार सापडेल. टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये लांब शिंगांची गुरे रोज दोनदा रस्त्यावरून चालवतात, सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला. लहान मुले बरोबर असतील तर ते ठीक आहे, पण तुम्ही पाहिले त्याच्याशी त्याचा संबंध शिंगांपुरताच.

आणि रँचवाल्याच्या घरी गेल्यावर "तुमची गुरे किती?" असे कधीही विचारू नका. ते बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे समजतात. फाटक जसे सापडले तसे ठेवायचे: उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. मालकीणबाईंनी तुम्हाला फाटकाला हातच लावू दिला नाही, हे बरे केले.

रिकीब

आकडा न विचारण्यावरून आठवले. वाटसरू, कोंडवाड्याच्या फाटकाशी दोन माणसे समोरासमोर उभी होती का? ती मोजणी करीत असतात. गुरे आत शिरताना दोघे वेगवेगळे, मनातल्या मनात, दोन-दोन किंवा तीन-तीन करून मोजतात, आणि शंभर झाले की बोलत नाहीत. लगामाच्या टोकाला गाठ मारतात किंवा एका खिशातला खडा दुसऱ्या खिशात टाकतात. शेवटी दोघांचा आकडा जुळला तर काम झाले. म्हणून फाटकाशी कोणी उभा असेल तर त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नये, तो रिकामा दिसत असला तरी.

वाटसरू

होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी "छान हवा आहे" असे म्हणालो होतो आणि ते काहीच बोलले नाहीत. मला ते तुसडे वाटले होते.

खूरवाट, तुम्ही विचारले होते म्हणून तो फोटो आज संगणकावर मोठा करून पाहिला. गाय मध्यभागी आहे, कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या, आणि मी इतके दिवस समजत होतो की ती माझ्याकडे पाहते आहे. तिची नजर खाली आहे. सूर्य माझ्या पाठीशी, नुकताच वर आलेला होता, आणि फाटकाच्या दोन खांबांमध्ये, बरोबर तिच्या पुढच्या पायांसमोर, कॅमेऱ्याला लावलेल्या कोपरांसकट माझी लांब काळी सावली आडवी पडलेली आहे.